किक, काजळी आणि नाना पेठ

पुण्यातला खराखुरा बाईकवेडा बघायचाय? मग रविवारी सकाळी लोणावळ्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहू नका. तिथे तुम्हाला जॅकेटं दिसतील, गुडघ्याला बांधलेली पॅडं दिसतील, हेल्मेटवर चिकटवलेला कॅमेरा दिसेल. वेडा दिसेलच याची गॅरंटी नाही! त्यापेक्षा शनिवारी दुपारी नाना पेठेत या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कसलासा लोखंडी तुकडा, नखांच्या कडा काळ्या, शर्टाच्या बाहीला ऑइलचा डाग आणि दर दुकानात एकच प्रश्न, 'असं आहे का हो तुमच्याकडे?' दुकानदार मान हलवतो, हा पुढच्या दुकानात. तोच तो.

बाईकवेड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थेट लडाख येतं. बर्फ, झेंडे आणि खारदुंगलाच्या पाटीशेजारचा फोटो! पण एखाद्या बाईकवेड्याचा आठवडा नीट मोजलात, तर गाडीवर बसायचे तास अगदीच थोडे भरतात. बाकी वेळ तो गाडीशेजारी उकिडवा बसलेला असतो, नाहीतर पार्टच्या शोधात पायी फिरत असतो. आणि पुण्यात पार्टसाठी पायी फिरायचं म्हणजे नाना पेठ.

कॅम्प आणि जुनं पुणं यांच्या मधोमध ही पेठ. नाना फडणवीसांच्या नावाची. वाडे आहेत, तालमी आहेत, आणि या सगळ्याच्या पोटात टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचा बाजार. लसणाच्या माळा टांगाव्यात तशी हेल्मेटं टांगलेली. फुटपाथवर मडगार्ड, क्रॅशगार्ड, आरसे, चेन-स्प्रॉकेट. आत काउंटरच्या मागे छतापर्यंत छोटे छोटे खोके आणि ते सगळे तोंडपाठ असलेला एक माणूस. तुम्ही फक्त गाडीचं नाव आणि साल सांगायचं, तो न बघता हात वर करतो आणि नेमका खोका काढतो. कुठल्याही कम्प्युटरपेक्षा फास्ट! दिल्लीच्या बाईकवेड्यांना करोल बाग, बंगळुरूवाल्यांना जे. सी. रोड, तशी आपल्याला नाना पेठ.

हा बाजार पुण्यात फुलला यात नवल नाही. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावाला आकुर्डीच्या बजाजने स्कूटरवर बसवलं. १९७२ मध्ये चेतक आली, त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. २००१ साली पल्सर आली आणि कॉलेजच्या पार्किंगचा नूरच पालटला. आज केटीएमची ड्यूकही चाकणला बनते. म्हणजे बाईक बनवणारं गाव हे, बाईक चालवणारं गाव हे आणि २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढणारं गावही हेच. तरी हेल्मेटची इतकी दुकानं शेजारी शेजारी सुखाने नांदतायत. पुणं ते पुणंच!

अ‍ॅक्टिव्हावरचा बाईकवेडा

आमच्या ग्रुपमध्ये माणसांना गाडीच्या नावाने हाक मारतात. एक 'आरएक्स' आहे, दोन 'बुलेट' आहेत (एक जुनी, एक नवी, त्यांचं आपसात फारसं पटत नाही), मी 'अ‍ॅव्हेंजर'. आणि एक आहे 'रोडकिंग'. ही गोष्ट त्याची.

रोडकिंग एकतीस वर्षांचा. हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. ऑफिसला जातो तो अ‍ॅक्टिव्हावर. होय, अ‍ॅक्टिव्हावर! कारण विचारलं तर म्हणतो, "माझी गाडी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घालणं म्हणजे आजीला विरार लोकलमध्ये उभं करण्यासारखं आहे." त्याची गाडी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. १९८५ ची येझदी रोडकिंग. वडिलांनी पिंपरीत नोकरी लागल्यावर घेतलेली. नंबर एमएच-१२ च्या आधीच्या जमान्यातला, नुसत्या 'एम'ने सुरू होणारा.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेकोस्लोव्हाकियाची जावा. फ्रान्टिशेक यानेचेक या गृहस्थांनी १९२९ मध्ये सुरू केलेली. त्यांच्या आडनावातलं 'या' आणि वाण्डरर या कंपनीतलं 'वा' मिळून झालं यावा, आपण म्हणतो जावा. १९६१ पासून ती आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनायला लागली, ती चालवणाऱ्या इराणी कुटुंबाने. १९७३ पासून तिचं नाव झालं येझदी. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, तेही दोन्ही बाजूंना! किक मारायचा दांडा आणि गिअर टाकायचा दांडा एकच. किक मारली की तोच दांडा पुढे फिरवायचा, झाला गिअर. नवख्या माणसाला गाडी दिली तर तो पाच मिनिटं गिअर शोधत बसतो. चोरांनाही हा प्रॉब्लेम येत असावा असा मला दाट संशय आहे.

१९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० पण गेली. धुराचे नियम कडक होत गेले आणि पेट्रोलमध्ये ऑइल जाळणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या एकेक करून संपल्या. महिंद्राच्या पाठबळाने क्लासिक लिजण्ड्स कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आणलं. नव्या गाड्या देखण्या आहेत, फोर-स्ट्रोक आहेत, सेल्फ स्टार्ट आहेत. रोडकिंग त्यांच्याकडे बघतो तसं आपण शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलीकडे बघतो. कौतुक असतं, पण ओळख पटत नाही.

२०२५ च्या दिवाळीनंतर त्याच्या गाडीतून 'टक-टक' असा आवाज यायला लागला. बारीकसा. मला तर आधी ऐकूही येईना. आणि डिसेंबरात नोंदणीची मुदत संपत होती.

इथे जुनी गाडी बाळगणाऱ्यांचं एक गणित समजून घ्या. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी तपासणीला न्यायची, ती नीट चालली पाहिजे, पीयूसी हवं, इन्शुरन्स हवा, पर्यावरण कर भरलेला हवा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाची फी २,००० रुपये झाली. त्यातच एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली. म्हणजे वडिलांनी १९८५ मध्ये पेंटरकडून ब्रशने रंगवून घेतलेली पाटी उतरवायची. आपल्याकडे नंबर प्लेट ही एक लोककलाच होती, नाही का? ४१४१ चा 'दादा' व्हायचा, ४९१२ चा 'पवार'! पोलीस पावती फाडायचे ते वेगळं. रोडकिंगची पाटी साधीच, पण अक्षर काय वळणदार! ती आता त्याच्या कम्प्युटरच्या वर भिंतीवर आहे.

घरात दोन तट पडले. काका, म्हणजे त्याचे वडील, म्हणाले, "वीक." गाडी ज्यांची, तेच म्हणाले! एका माणसाने चांगली ऑफरही दिली होती, हौशी कलेक्टर आहे, बंगल्यात अशा सहा गाड्या उभ्या आहेत त्याच्या. काकू काही बोलल्या नाहीत. सोसायटीतल्या पार्किंगमध्ये गाडीखाली रोज सकाळी ऑइलचा रुपयाएवढा डाग पडतो, तो पुसणाऱ्या त्या. चेअरमन दोनदा बोलून गेले होते.

"विकली तर चालेल गं," रोडकिंग मला म्हणाला. "पण तो चालवणार नाही. पुसून उभी करेल."

चाचा आणि स्क्रू ड्रायव्हर

चाचांचं गॅरेज नाना पेठेतल्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाज्यात. गॅरेज कसलं, आठ बाय दहाची जागा. एक गाडी आत, बाकी रस्त्यावर. भिंतीवर पाने साइजप्रमाणे टांगलेले, एका खिळ्याला पंचांग, एका खिळ्याला मक्केचं कॅलेंडर. पंचांग का, विचारलं तर म्हणाले, "अमावस्या को कोई गाडी नहीं लाता बेटा. उस दिन मैं छुट्टी लेतो." हे पुण्याच्या पूर्व भागातलं हिंदी. यात 'सोड', 'कायको' आणि 'लेतो' हे सगळं शुद्ध मानलं जातं!

चाचांनी गाडी चालू केली. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी. जागा बदलत बदलत तीन ठिकाणी ऐकलं आणि गाडी बंद केली.

"क्रँक."

बाईकवाल्यांमध्ये हा शब्द हलक्या आवाजात उच्चारतात. टू-स्ट्रोक गाडीत क्रँकला स्वतःचं ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच त्याला मिळतं. येझदीत ते आपणच टाकीत मिसळायचं, लिटरला साधारण चाळीस मिली. कमी पडलं की बेअरिंग खातं, जास्त झालं की प्लग काळा पडून गाडी मिसिंग मारते. क्रँकची दोन ऑइल सील असतात. एका बाजूचं गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं आणि मागे धुराचा लोट. दुसऱ्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा ओढतं, मग इंजिन तापतं. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे रोडकिंगच्या गाडीचं बेअरिंग गेलं होतं, कनेक्टिंग रॉड ढिला झाला होता आणि एक सील तर विचारूच नका.

म्हणजे आख्खं इंजिन खोलायचं. आणि पार्ट? कारखाना बंद होऊन तीस वर्षं होत आलेली!

मग सुरू झाली पायपीट. मी दोन शनिवार त्याच्यासोबत फिरले. पहिल्या दुकानात सील होती, पण लोकल. दुसऱ्यात रॉड किट होतं, पाकिटावर 'ओरिजिनल' छापलेलं. चाचांनी ते हातात घेतलं, रॉड सुतळीला टांगला आणि पान्याने हलकेच ठोकला. 'टण्ण' असा लांब आवाज येण्याऐवजी 'टप्' आला. परत! "पाकीट असली है, माल नकली," एवढंच म्हणाले. दुकानदारही भांडला नाही. चाचांनी ठोकून बघितल्यावर नाना पेठेत कोणी भांडत नाही. मला मात्र प्रत्येक काउंटरवर, "मॅडम, स्कूटीचं काही हवं होतं का?" असं प्रेमाने विचारण्यात आलं. मी रोडकिंगच्या क्रँकचं सील मागितल्यावर एकाने उठून खुर्ची दिली.

रविवारी जुना बाजार. कुंभारवाड्याजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा. नळाच्या तोट्या, घड्याळं, बूट, कॅमेरे आणि मधूनच गोणपाटावर मांडलेली इंजिनं. तिथे एका म्हाताऱ्याकडे येझदीचा अर्धा गिअरबॉक्स, एक डेंट पडलेली टाकी आणि काय आश्चर्य, ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेला, कधीच न बसवलेला जुन्या स्टॉकचा रॉड मिळाला! रोडकिंगने चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवून भाव विचारला. म्हाताऱ्याने त्याची नखं पाहिली आणि भाव दुप्पट सांगितला. बाईकवेड्यांना हीच एक गोष्ट लपवता येत नाही, नखं!

नवं एक टेन्शन पेट्रोलचंही आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि जुन्या गाडीतल्या रबराला ते मानवत नाही, अशी सगळ्या जुन्या गाडीवाल्यांची तक्रार. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग बदलावे लागू शकतात, पण ते काम स्वस्तातलं आहे. स्वस्त असेलही हो, पण पार्ट मिळाला तर ना! चाचांचा उपाय साधा आहे. गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल, तर घरापासून थोडं अलीकडेच पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं. हे सांगून झाल्यावर आमचा आरएक्स, जो मूळचा कोल्हापूरचा, म्हणाला, "म्हणजे आमच्याच उसाने आमचीच गाडी मारायची!" त्याच्या घरचा ऊस साखर कारखान्याला जातो.

इंजिन बांधायला घेतलं त्या दिवशी चाचांनी आणखी एक बातमी दिली. वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय. उन्हाळ्यापर्यंत जागा रिकामी करायची. मुलगा इलेक्ट्रिक स्कूटरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागलाय, चांगला पगार आहे. "वो लॅपटॉप लगातो, गाडी उसको सब बताती. अच्छा है. हात काले नहीं होते." यात कडवटपणा नव्हता हं. ते मुलाबद्दल फार अभिमानाने बोलतात.

रोडकिंग बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चाचा, आज मी बांधतो. तुम्ही सांगा."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्टूल ओढून बसले. जे काम त्यांनी चार तासांत केलं असतं त्याला दोन शनिवार लागले. क्रँक प्रेस करायला शेजारच्या लेथवाल्याकडे दिला, सिलिंडर बोअर करून घेतला, पिस्टनच्या रिंगा बसवताना एक तुटली, नवी आणली. चाचा मधूनच, "जोर नहीं, जोर नहीं, हाथ को सुनने दे," म्हणायचे. शेवटची किक रोडकिंगने मारली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, सातव्यांदा. त्या बोळात निळा धूर भरला आणि वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली.

पंचेचाळीसने ताम्हिणी

बोअर केलेल्या इंजिनाला रनिंग करावं लागतं. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या पुढे जायचं नाही, उतारावर सुसाट सोडायची नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये रडवायची नाही. ऑइल थोडं जास्त घालायचं. तपासणीआधी काही किलोमीटर तरी पळवायला हवी, म्हणून आम्ही एका रविवारी पहाटे सहाला चांदणी चौकात भेटलो. पूल पाडून तिथे नवे रस्ते झाले २०२३ मध्ये, तरी कुठून वळायचं यावर अजून एकमत नाही! मुळशीमार्गे ताम्हिणी असा बेत. डबलसीट नको म्हणून मी माझ्या अ‍ॅव्हेंजरवर मागे.

ताम्हिणीला मी पंधरा-वीस वेळा तरी गेले असेन, पण पंचेचाळीसच्या स्पीडने पहिल्यांदाच. भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट. मागून येणाऱ्या ड्यूकवाल्या पोरांनी आम्हाला असं ओव्हरटेक केलं जसं काही आम्ही किलोमीटरचे दगडच आहोत. एकाने जाता जाता अंगठा दाखवला. पौडच्या पुढे थंडी झोंबायला लागली. भाताची कापणी झालेली, खाचरांत नुसते खुंट. एरवी इथे आपण फक्त पुढचं वळण बघतो. त्या दिवशी मला गोठे दिसले, शाळेची वेळ नसतानाही गणवेशात हिंडणारं एक पोरगं दिसलं, आणि धरणाचं पाणी वळणावळणाला दिसत राहिलं. याच पाण्याखाली गावं जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला. टाटांचं धरण झालंच, आणि इथलं पाणी खाली कोकणात भिऱ्याला उतरून वीज करतं. वीकेण्डला आपण या पाण्याकाठी मॅगी खातो.

जाता जाता एक गोष्ट सांगतेच. हा रस्ता पावसाळ्यात जितका देखणा तितकाच दगाबाज. शेवाळ, धुकं, वळणावर उभं राहून सेल्फी काढणारे लोक. हिवाळ्यात जा, हेल्मेट घाला आणि घाटात रेस लावायची हौस असेल तर ती घरी ठेवून जा.

दर वीस-पंचवीस किलोमीटरला रोडकिंग थांबायचा. गाडी बाजूला घेऊन इंजिनाजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही, नुसता जवळ. प्लग काढून रंग बघायचा. कॉफीचा रंग आला तर उत्तम. पहिल्या थांब्याला काळा, दुसऱ्याला काळपट तपकिरी, मुळशीला अगदी फिल्टर कॉफी! तो ते प्लग मला असं दाखवत होता जसे लोक सोनोग्राफीचे फोटो दाखवतात.

घाटाच्या अलीकडे एका टपरीवर भजी सांगितली. तेवढ्यात त्याला वाटलं, आवाज येतोय. टक-टक नाही, वेगळाच. मला वाटलं भजीच्या कढईचा असेल. त्याचा चेहरा मात्र उतरला. नऊ दिवसांवर तपासणी, काकांचं 'वीक', कलेक्टरचा पडून असलेला फोन, हे सगळं त्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

त्याने चाचांना फोन लावला. रविवारी सकाळी आठला! गाडी चालू केली, फोन इंजिनाशेजारी धरला, जागा बदलत बदलत तीन ठिकाणी. मग फोन स्पीकरवर टाकला. बराच वेळ पलीकडून नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता.

"हेड का नट है," चाचा म्हणाले. "नया बांधा तो बैठ जातो. गरम में मत छेड. ठंडी होने दे, फिर आमनेसामने के कस, थोडा थोडा. पाना है ना तेरे पास?"

पाना होता. आम्ही तासभर थांबलो, भजीच्या दोन प्लेटी आणि तीन चहा झाले. मग त्याने नट कसले, कर्णाप्रमाणे, एकेक पाव फेरा. किक मारली. आवाज गेला होता की नव्हता, मला खरंच सांगता येणार नाही. तो मात्र डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकत उभा राहिला, मग हेल्मेट चढवलं आणि माझ्याकडे वळून ओरडला, "चल, ओडोमीटरवर अजून तीनशे ऐंशी बाकी आहेत!"